शास्त्रातले बारकावे आणि देवाचा स्वभाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत ख्रिस्ती घराघरांत शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास चालतो. त्यातली निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पुस्तकं वाचायला घेतली की जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. ज्या अध्यायात सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलं, इतकंच.

जानेवारीत उत्पत्तीपासून वाचायला घेतो, पण निर्गम अर्धं झालं की गाडी अडते. तो भाग सोडला तर चालेल का?

बहुतेकांची गाडी तिथेच अडते. विसाव्या अध्यायापर्यंत गोष्ट धावत असते: तांबडा समुद्र, मान्ना, सीनाय पर्वत. पंचविसाव्यापासून एकदम फळ्या, उथळ्या (फळ्या बसवायच्या बैठका), कड्या आणि मेखा सुरू होतात.

सोडलं तर तारण हुकणार नाही, पण नुकसान होईल. देव दयाळू आहे, न्यायी आहे, पवित्र आहे असं आपण दर रविवारी उपासनेत म्हणतो. दयाळू म्हणजे नेमकं काय? कर्जबाजारी माणसाच्या दारात, दिवस मावळताना, ती दया कशी वागते? याचं उत्तर या रटाळ वाटणाऱ्या अध्यायांत आहे. कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरं सहसा कर्ज घेणाऱ्याच्या मुळावर येतात. मोशेच्या नियमशास्त्रातली, म्हणजे याच पुस्तकांतल्या नियमांची, बारीक अक्षरं बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने लिहिलेली आहेत. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. जिथे तसं दिसत नाही त्या उताऱ्यांबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

विश्व निर्माण करणाऱ्या देवाला तंबूच्या मेखांशी आणि पडद्यांच्या मापांशी काय करायचंय?

उत्पत्तीत सगळी सृष्टी दोन अध्यायांत उभी राहते. निवासमंडपाला, म्हणजे देवाच्या तंबूला, मात्र निर्गमाचे साधारण तेरा अध्याय लागतात. आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीची, म्हणजे कोशाची, लांबी अडीच हात, रुंदी दीड हात, उंचीही दीड हात. हात म्हणजे साधारण दीड फूट, म्हणजे कोश लांबीला पावणेचार फूट. लाकूड बाभळीचं. देवदार नाही, चंदन नाही. रानात जे उगवतं ते.

मंडपाचं कारण निर्गम २५:८ मध्ये आहे: मला त्यांच्यामध्ये राहायचं आहे. लोक तंबूत राहत होते, म्हणून देवही तंबूत राहायला आला. कोशाचे दांडे कड्यांतून कधीच काढायचे नाहीत, अशी आज्ञा आहे (२५:१५). म्हणजे लोकांनी मुक्काम हलवला की त्यालाही लगेच निघता यावं. ज्याला एका जागी बसून सगळ्यांना आपल्याकडे बोलवायचं असतं, तो असे दांडे ठेवत नाही.

हे काम कोणाला दिलं तेही पाहा. यहूदा वंशातला बसालेल हा कारागीर. ‘याला मी माझ्या आत्म्याने भरलं आहे’ असं परमेश्वर स्वतः ज्याच्याबद्दल म्हणतो, असा शास्त्रात भेटणारा हा पहिला माणूस. तो संदेष्टा नाही आणि याजकही नाही. सोनं, रुपं (चांदी), पितळ, लाकूड आणि रत्नं यांवर काम करणारा हा माणूस, आणि त्याच्या जोडीला दान वंशातला अहलियाब. बायकांनी स्वतःच्या हातांनी सूत कातून आणलं. सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचं पितळ वितळवून हातपाय धुण्याचं गंगाळ केलं (३८:८). नाशिकच्या भांडी बाजारातल्या तांबटाला किंवा येवल्यातल्या पैठणी विणकराला हे अध्याय वाचून दाखवा. त्याला ते कंटाळवाणे वाटणार नाहीत. निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुतात करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) विणायचे म्हणजे किती दिवसांचं काम, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळेल.

आणखी दोन गोष्टी, ज्या उपदेशात क्वचितच ऐकू येतात. लोकांनी इतकं सामान आणलं की कारागीर मोशेकडे तक्रार घेऊन गेले आणि मोशेने छावणीत दवंडी पिटवली: आता पुरे, कोणी काही आणू नका (३६:५–७). बांधकामाचा निधी पुरेसा जमला म्हणून देणग्या बंद करणारी समिती तुम्ही पाहिली असेल, तर मला दाखवा. दुसरी गोष्ट, अडतिसाव्या अध्यायातला हिशेब. सोनं २९ किक्कार ७३० शेकेल, रुपं १०० किक्कार १,७७५ शेकेल (ही तेव्हाची वजनं). हे रुपं आलं कुठून? मोजणीतल्या ६,०३,५५० पुरुषांनी दिलेल्या प्रत्येकी अर्ध्या शेकेलातून. श्रीमंताने त्याहून जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी द्यायचं नाही (३०:१५). त्यातल्या १०० किक्कारांच्या १०० उथळ्या ओतल्या आणि मंडपाच्या फळ्या व पडद्याचे खांब त्यांवर उभे राहिले. सोन्याची झळाळी वर असली तरी सगळा भार खाली, सगळ्यांनी सारख्या दिलेल्या रुप्यावर होता. आकडे वगळून वाचणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

तेच वर्णन अध्याय ३५ ते ४० मध्ये पुन्हा का? लिहिणाऱ्याला कंटाळा नाही आला?

दोन्हींच्या मध्ये काय आहे ते बघा. आराखडा २५ ते ३१ मध्ये सांगून झाला आणि ३२ व्या अध्यायात लोकांनी सोन्याचं वासरू ओतलं. मोशे आज्ञांच्या पाट्या फोडतो, देव म्हणतो मी तुमच्याबरोबर येत नाही, मोशे हट्ट धरून बसतो. मग ३४:६–७ मध्ये परमेश्वर आपलं नाव स्वतः उच्चारतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया व सत्य यांनी भरलेला, अपराधाची क्षमा करणारा, तरी दोषी माणसाला तसंच न सोडणारा. सगळं जुनं शास्त्र या दोन वचनांकडे वारंवार परत येतं. स्तोत्रांत, योएलात ती भेटतात. योनाच्या तोंडी तर ती तक्रार म्हणून येतात, कारण त्याला ही दया शत्रूच्या निनवे शहरासाठी नको होती.

त्यानंतर काम सुरू होतं आणि माप न् माप तेच राहतं. विश्वासघातानंतर देवाने मंडप छोटा केला नाही, सोन्याच्या जागी पितळ चालेल असंही म्हटलं नाही. ठरलं होतं तसंच येऊन राहिला. ही क्षमा ‘क्षमा’ हा शब्द न वापरता सांगितली आहे, आणि ती कळायला यादी दुसऱ्यांदा वाचावीच लागते.

मग शलमोनाच्या मंदिराचं वर्णनही असंच वाचायचं?

जपून. १ राजे ६ आणि ७ मध्ये मापं भरपूर आहेत, पण मधल्या एका जोडणीकडे लक्ष द्या: मंदिराला सात वर्षं, आणि लगेच पुढच्या ओळीत, स्वतःच्या वाड्याला तेरा वर्षं. लेखक काही टोमणा मारत नाही. नुसते आकडे शेजारी ठेवतो.

लेवीयाच्या पहिल्या सात अध्यायांत नुसतं रक्त, चरबी आणि राख. देवाला हे आवडतं?

देवाला भूक लागत नाही, हे स्तोत्र ५० मध्ये त्याच्याच तोंडून आहे: मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, रानातली जनावरं माझीच आहेत. तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवू.

अर्पणांच्या यादीला उतरंड आहे. होमार्पणासाठी गोऱ्हा, तो नसेल तर मेंढरू किंवा बकरं, तेही नसेल तर होला किंवा पारव्याचं पिल्लू. पाचव्या अध्यायात पापार्पणाबद्दल तर आणखी खाली उतरलं आहे. कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी. पक्षीही परवडत नसतील तर एफा या धान्यमापाचा दहावा भाग सपीठ, आणि त्यावर तेल घालायचं नाही, धूप ठेवायचा नाही. तेल आणि धूप महाग असतात. पापार्पणाचा गंभीरपणा राहावा म्हणूनही ती मनाई असेल. पण मूठभर पीठ घेऊन आलेल्या माणसाला शेजारच्याचं सुगंधी पीठ पाहून खाली मान घालावी लागू नये, असाही त्याचा परिणाम होतो. आणि त्या पिठाबद्दल निकाल तोच, जो कोकराबद्दल: त्याला क्षमा होईल.

बाळंतिणीच्या नियमातही ही सवलत आहे (१२:८). लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरीया आणि योसेफ मंदिरात जातात तेव्हा पक्ष्यांच्या जोडीचा नियम सांगितला जातो, कोकराचा उल्लेखच नाही. लेवीय न वाचलेल्याला ती ओळ पक्ष्यांची वाटते. वाचलेल्याला त्या घरची परिस्थिती कळते. प्रभू कोणत्या घरात जन्मला हे सांगण्यासाठी लूकला ‘गरीब’ हा शब्द लागला नाही.

शुद्ध-अशुद्ध म्हणजे आपलं सोवळं-ओवळंच की! मग फरक काय?

नाशिकमध्ये हा प्रश्न हलका नाही. मार्च १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो याच शहरात. ज्यांच्या घरात त्या दिवसांच्या आठवणी आहेत त्यांनी लेवीयाचे ११ ते १५ अध्याय वाचून कपाळाला आठ्या घातल्या, तर ते रास्तच आहे.

साम्य आहे, ते नाकारू नये. स्पर्शाने अशुद्ध होणं आहे, पाण्याने धुणं आहे, ठरावीक दिवस वेगळं राहणं आहे. पण बारकाईने वाचलं तर एक गोष्ट दिसते. इथली अशुद्धता जन्माने कोणाला चिकटत नाही. मेलेल्या माणसाला शिवलात, मूल झालं, अंगावर चट्टा उठला, तर अशुद्ध. पुष्कळदा ती संध्याकाळपर्यंतच टिकते. मुख्य याजकालाही ती लागू होते आणि त्याच्या घरातल्या दासालाही. प्रत्येक नियमाच्या शेवटी परत येण्याची वाट दिलेली आहे. बरा झालेल्या चर्मरोग्यासाठी तर याजकाने स्वतः छावणीबाहेर चालत जायचं आहे (१४:३).

तरीही टोचणाऱ्या जागा आहेत. याजकपण जन्माने मिळतं. अंगात व्यंग असलेल्या याजकाला वेदीजवळ जाता येत नाही (२१:१६–२३), मात्र परमपवित्र अन्न त्याने खायचं आहे. म्हणजे पंगतीतून त्याला उठवलेलं नाही, सेवेतून उठवलं आहे. एवढ्याने समाधान होत नाही, आणि शास्त्रही तिथे थांबत नाही. यशया ५६ मध्ये षंढाला देव म्हणतो, माझ्या घरात तुला मुलामुलींपेक्षा मोठं नाव देईन. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात कूशी (इथिओपियाचा) षंढ बाप्तिस्मा घेऊन आनंदाने वाटेला लागतो.

आणि एक कडू गोष्ट. शास्त्राने न सांगितलेली जात आपण मंडळ्यांत आणली. लग्नाच्या बोलणीत ती अजून डोकं वर काढते. त्याचा दोष लेवीयावर टाकता येणार नाही.

घराच्या भिंतीवरच्या बुरशीवर अर्धा अध्याय! हे देवाचं वचन कसं?

जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात श्रावण काढलेल्या माणसाला हे विचारा. लेवीय १४ मध्ये भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे दिसले की घरमालकाने याजकाला कळवायचं. याजकाने काय करायचं? आधी घर रिकामं करायला सांगायचं, मग आत जाऊन पाहायचं. कारण पाहून ‘अशुद्ध’ म्हटल्यावर आतली सगळी चीजवस्तू अशुद्ध ठरेल. पाहण्याआधी बाहेर काढलेली भांडीकुंडी, गोधड्या वाचतात (१४:३६). धोकादायक इमारतीची नोटीस लावण्याआधी ‘सामान बाहेर काढून घ्या’ असं सांगणारा अधिकारी भेटला तर माणूस त्याला दुवा देतो. इथे ही तजवीज नियमातच घातली आहे. पवित्रतेचा आग्रहही सुटला नाही आणि गरिबाचा संसारही बुडाला नाही.

आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. शास्त्रात द्राक्षमळ्यांबद्दल इतकं आहे, ते आजच्या बागेला लागू होतं का?

निदान ते लिहिणाऱ्यांना बागेतलं काम माहीत होतं, एवढं नक्की. यशया ५ मधला मळेवाला जमीन खणतो, दगड वेचतो, उत्तम वेल लावतो, बुरूज बांधतो, द्राक्षकुंड खोदतो आणि शेवटी रानद्राक्षं हाती येतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करून, डोळ्यांत तेल घालून घड जपलेल्या माणसाला काढणीच्या तोंडावर अवकाळी झोडपतो, तेव्हा ‘मी माझ्या मळ्यासाठी आणखी काय करायला हवं होतं?’ हे वाक्य त्याच्याच तोंडचं वाटतं. शास्त्रात ते देवाच्या तोंडी आहे. देव इथे निकाल देणारा न्यायाधीश म्हणून सुरुवात करत नाही. हंगाम वाया गेलेल्या शेतकऱ्यासारखा बोलतो.

कायद्याची बाजू लेवीय १९:९–१० मध्ये. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नको. मळ्यात सरवा वेचू नको. खाली पडलेले मणी उचलू नको. ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. अनुवाद २४ मध्ये भर आहे: पेंढी शेतात विसरली तर आणायला परत जाऊ नको. द्राक्षं एकदा तोडलीस की मागे राहिलेल्यांसाठी पुन्हा फिरू नको. आणि २३:२४ मध्ये वाटसरूसाठी: शेजाऱ्याच्या मळ्यात गेलास तर पोटभर खा, पण पाटीत भरून नेऊ नको. मालकाचंही भान आहे, भुकेल्याचंही आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मंडपाच्या पडद्याला किती बिरडी लावायची हे मोजून सांगणारा देव शेताचा कोपरा केवढा सोडायचा ते सांगत नाही. माप दिलेलंच नाही. नंतरच्या यहुदी शिक्षकांनीही म्हटलं की शेताच्या कोपऱ्याला माप नाही, मात्र साठाव्या भागापेक्षा कमी सोडू नये असा दंडक घातला, कारण माणूस कसा असतो ते त्यांना माहीत होतं. देवाला हिशेबाचं वेड असतं तर त्याने इथेही आकडा दिला असता. त्याने मालकाच्या मनावर सोडलं. रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाज हा कोपरा किती रुंद करता येतो ते दाखवतो: गड्यांना सांगून तो पेंढ्यांतून मुद्दाम ओंब्या गाळायला लावतो.

उपरा कोण, हे दिंडोरी-निफाडकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. हंगामात पेठ, सुरगाण्याहून बिऱ्हाडं पाठीवर घेऊन जी कुटुंबं येतात, त्यांच्या तळाला पाणी आहे का, मजुरी त्याच दिवशी हातात पडते का (लेवीय १९:१३ हेच सांगतं), पोरं शाळेत जातात का? आज सरव्याचे मणी सोडून भागणार नाही. त्या नियमाचा रोख जिकडे आहे, तिकडे बघावं लागेल.

कर्ज आणि तारण याबद्दल देवाला इतका रस का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. निर्गम २२:२६–२७. शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे. कारण त्याचं तेवढंच पांघरूण आहे, तो दुसरं काय घेऊन निजणार? त्याने माझ्याकडे आरोळी केली तर मी ऐकेन, कारण मी करुणामय आहे.

कायद्याच्या कलमात कायदा करणारा मध्येच प्रश्न विचारतो: तो काय घेऊन निजणार? जगातल्या कायद्याच्या पुस्तकांत असं वाक्य सहसा नसतं. देवाच्या स्वभावावर एखादं प्रवचन द्यावं तसं ‘मी करुणामय आहे’ हे इथे येत नाही. ते एका घोंगडीच्या संदर्भात, नियमाचं कारण म्हणून येतं.

अनुवाद २४ मध्ये याच्याही पुढे. तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. घरात काय आहे, काय नाही, चूल पेटली आहे का, हे सावकाराच्या नजरेला पडू नये. जात्याची तळी किंवा वरची पाळू गहाण घेऊ नको, कारण ते म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणं. वसुलीच्या नावाखाली दारात येऊन तमाशा करणं हा प्रकार आपल्याकडे गावोगाव घडतो. त्याविरुद्ध उभं राहायला हजारो वर्षं जुना आधार हवा असेल तर तो हा.

जनावरांबद्दलही काही आहे का?

आहे, आणि थोडक्यात आहे. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर त्याला सोडवायला मदत कर. शब्बाथ पाळ, म्हणजे तुझा बैल आणि गाढव विसावा घेतील. घरट्यातली पिल्लं घेतलीस तर आईला सोडून दे. योनाच्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य तर देवाचा प्रश्न आहे: एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या या शहराची मी कीव करू नये का? गुरंढोरं शेवटी आहेत, पण मोजणीत आहेत. ईयोबाच्या ३८ व्या अध्यायात तर माणूस राहतच नाही अशा रानावर देव पाऊस पाडतो.

वंशावळ्या वाचून मला काय मिळणार? सगळी नावं अडखळत वाचावी लागतात.

१ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय चाळले तर मी बोल लावणार नाही. पण चाळताना थांबण्याच्या जागा माहीत असाव्यात. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात पुरुषांच्या रांगेत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको आहेत. चौथीचं नाव न घेता नवऱ्याचं नाव घेतलं, म्हणजे दावीद राजाने केलेला खून त्याच्याच वंशावळीत कायमचा नोंदला गेला. घराण्याची लाज झाकायची पद्धत आपल्याकडे आहे. इथे ती राजाच्या नावापुढेच लिहून ठेवली.

गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, भाऊ नाही, मग बापाचं नाव आणि वतन का बुडावं? मोशे देवाला विचारतो आणि उत्तर येतं: मुलींचं म्हणणं बरोबर आहे. कायदा बदलतो. पाचही नावं शास्त्रात चार ठिकाणी पूर्ण दिली आहेत, जणू कोणी ‘सलाफहादाच्या मुली’ एवढ्यावर भागवू नये म्हणून. पुढे गणना ३६ मध्ये वंशातल्या पुरुषांची हरकत येते आणि त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट पडते, तेही लपवलेलं नाही. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागायच्या आधीच तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवणाऱ्या भावांनी हा अध्याय एकदा मोठ्याने वाचावा. ख्रिस्ती भावांनीसुद्धा.

नाशिकशी जोडलेली एक आठवण इथे सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपूरच्या वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढली, शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. आईबापांनी ठेवलेलं हे नाव नव्हे. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीचा पाठ त्याने वाचला, झाडाच्या खोडावर त्यांचं नाव कोरलं आणि १८७४ मध्ये त्यांच्या देहाबरोबर लंडनपर्यंत गेला. ज्याची स्वतःची वंशावळ कोणीतरी चोरून नेली, त्याने दुसऱ्याचं नाव पुसू दिलं नाही. शास्त्रातल्या नावांच्या याद्या कंटाळवाण्या वाटणं ही आपली चैन आहे. ज्यांची नावं हिरावली गेली त्यांना त्या तशा वाटत नाहीत.

गणनेच्या सातव्या अध्यायात तेच अर्पण बारा वेळा का लिहिलंय?

कारण बारा वंशांनी ते आणलं. १३० शेकेलांचं रुप्याचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, १० शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र, रोज एक सरदार, बारा दिवस. ‘बाकीच्यांनीही तसंच दिलं’ असं एका ओळीत लिहिता आलं असतं. वर्गणीच्या पावत्यांवर ‘इतर’ म्हणून नोंद झालेल्या कोणालाही विचारा, ते का लिहिलं नाही.

कनान्यांचा संहार, अमालेकी, गुलामांचे नियम यांतूनही देवाचा स्वभावच दिसतो का?

हा प्रश्न टाळून वरचं सगळं सांगणं अप्रामाणिकपणा होईल. अनुवाद २०:१६–१७ मध्ये कनानी लोकांच्या नगरांत श्वास घेणारं काही जिवंत ठेवू नये अशी आज्ञा आहे. १ शमुवेल १५ मध्ये अमालेकी लोकांच्या संहाराच्या आज्ञेत तान्ह्या मुलांचा उल्लेख आहे. निर्गम २१:२०–२१ मध्ये मारलेला गुलाम एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण तो त्याचा पैसा आहे. अनुवादाच्या त्याच विसाव्या अध्यायात वेढ्याच्या वेळी फळझाडं तोडू नका असंही आहे. झाडांवर दया आणि लेकरांवर नाही, हे वाचून पोटात कालवतं. कालवायलाच हवं.

वेगवेगळे भाष्यकार वेगवेगळी उत्तरं देतात: ती युद्धाची त्या काळची अतिशयोक्त भाषा आहे, तो विशिष्ट वेळचा न्याय आहे, माणसाने आपली समजूत देवाच्या नावावर लिहिली आहे. मला यातलं एकही उत्तर पूर्ण पटत नाही. मात्र वाचायची एक किल्ली प्रभूनेच दिली आहे. सूटपत्राच्या (घटस्फोटाच्या) नियमाबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे मोशेने ती मोकळीक दिली, आरंभापासून असं नव्हतं (मत्तय १९:८). म्हणजे नियमशास्त्रातली प्रत्येक ओळ देवाच्या मनाची सारखीच तसबीर नाही. काही ओळींत माणसाचं दगडासारखं मनही उमटलं आहे आणि देव त्या दगडाला धरून पुढे सरकतो आहे. त्याच अनुवादात, अध्याय २३ मध्ये, पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या हवाली करू नको, त्याला पाहिजे तिथे राहू दे, असंही आहे. त्या काळच्या आजूबाजूच्या कायद्यांत पळालेल्या गुलामाला आसरा देणं गुन्हा होता. हम्मुराबीच्या कायद्यात तर त्याला देहान्त शासन आहे.

आणि देवाशी वाद घालायला शास्त्रात मनाई नाही. अब्राहाम सदोमसाठी पन्नासांवरून दहांपर्यंत घासाघीस करतो, मोशे भांडतो, ईयोब खटला मांडतो. शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, गुळगुळीत उत्तरं देणाऱ्या त्याच्या मित्रांवर.

येशू आल्यावर हे सगळं जुनं झालं ना?

बलिदानं थांबली, हे इब्री लोकांस पत्रात स्पष्ट आहे. बारकाईने पाहण्याची सवय थांबली नाही. मेलेली याईराची मुलगी उठल्यावर सगळे थक्क होऊन उभे असताना ‘हिला काहीतरी खायला द्या’ असं सांगणारा येशूच. पाच हजारांना जेवू घातल्यावर ‘उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ नये’ हेही त्याचंच. शुभवर्तमानांत निर्गमातला देव ओळखू येतो तो असा.

पण पुदिना-जिऱ्याचा दशमांश देणाऱ्या परूश्यांना (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला) त्यानेच फटकारलं की!

फटकारलं, कारण त्यांनी न्याय, दया आणि विश्वास सोडला होता. आणि लगेच पुढे म्हणाला: ह्या गोष्टी करायच्या होत्या, त्या सोडायच्या नव्हत्या (मत्तय २३:२३). बारकावा कोणासाठी राबतोय एवढं विचारलं की परूशी आणि बवाज यांच्यातला फरक कळतो.

सुरुवात कुठून करू? रोज अर्धा तासच मिळतो.

लेवीयाच्या पहिल्या अध्यायापासून नको. आधी निर्गम २२:२१ ते २३:१२ वाचा, मग अनुवाद २४, मग लेवीय १९. हे तीन उतारे झाले की लेवीय ५ आणि १४. त्यानंतर निर्गम २५ ते ४० सलग, तुकडे न पाडता, शक्य असेल तर दोन-तीन बैठकांत. मधलं वासरू विसरायच्या आत पस्तिसावा अध्याय यायला हवा. मंडपाची मापं वाचताना अंगणात किंवा गच्चीवर दोरी धरून आखून बघा: तीस हात बाय दहा हात, म्हणजे साधारण ४५ बाय १५ फूट. आवार १०० बाय ५० हात, ते बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्येही मावणार नाही. पोरांना हे काम द्या, संडे स्कूलमध्ये यापेक्षा चांगला तास होत नाही.

वाचताना प्रत्येक नियमापाशी एकच गोष्ट वहीत टिपा: हा नियम पाळला तर संध्याकाळी कोणाच्या घरात फरक पडेल? काही ठिकाणी उत्तर सापडणार नाही. ती वचनं पेन्सिलीने खूण करून पाळकांकडे किंवा गटात न्या, आणि उत्तर पटलं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.